बुडायला कोण येणार?

“बुडायला कोण येणार मग?” शकीलाभाभींनी विचारलं.

त्या खोल बाजूच्या शिडीला एका हातानं लोंबकळत होत्या. मी वर खुर्चीवर होते. बायकांची बॅच संपायला थोडा वेळ होता. सकाळीच फाटकावर कागद लागला होता, की येत्या रविवारी टँक बंद, जीवरक्षकांची परीक्षा आहे. त्यामुळे पोहणं सोडून सगळ्याजणी माझ्या खुर्चीखाली जमल्या होत्या.

“भाचीला आणणार होते,” मी म्हणाले. “पण तिला सहावा महिना लागलाय.”

“तिलाच आणा की. दोन जीव वाचवल्याचे मार्क मिळतील.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पाण्यावरची नजर काढली नाही. ती नोकरीचीच सवय. गप्पा मारायच्या, उत्तरं द्यायची, पण डोळे पाण्यावर ठेवायचे.

जीवरक्षकाचं प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. पुण्याहून परीक्षक येतात. ते आधी पोहायला लावतात. मग बुडणाऱ्या माणसाला टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत आणायला लावतात. आणि तिथं दम खाऊ न देता लगेच रबरी पुतळ्यापुढं बसवतात. त्याच्या छातीवर दाब द्यायचे, तोंडानं श्वास द्यायचा, आणि परीक्षक पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही. पुतळा ते आणतात. बुडणारं माणूस मात्र ज्याचं त्यानं आणायचं, अशी आमच्या भागातली पद्धत. कुणी धाकट्या भावाला आणतो, कुणी मित्राला. मी आजवर भाचीला आणत आले होते. ती अंगानं काडी होती आणि पाण्यात निवांत पडून राहायची.

या खेपेला अडचण नुसती भाचीची नव्हती. त्या उन्हाळ्यात माझा डावा खांदा आखडला होता. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, वर्षभरात सुटेल. पण परीक्षा वर्षभर थांबणार नव्हती. हात डोक्यामागं जाईना म्हणून मी केस कापून टाकले, तेव्हाच बायकांनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

नापास झाले असते तर माझी नोकरी गेली असती. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. बाई जीवरक्षक असल्याशिवाय बायकांची बॅच चालवायची नाही असा नियम होता, आणि गावात प्रमाणपत्र असलेली दुसरी बाई नव्हती. स्वयंपाक उरकून बायका अकराला येत. त्या तासावर मुलांना स्पर्धेसाठी तयार करणाऱ्या एका क्लबचा फार दिवसांपासून डोळा होता. एकदा बॅच बंद पडली की पुन्हा सुरू होणार नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. म्हणून तर पोहायचं सोडून सगळ्या खुर्चीखाली जमल्या होत्या.

“मी येते,” शकीलाभाभी म्हणाल्या. मुजावर बेकरी त्यांची. पहाटे भट्टीपासून उभ्या असायच्या, आणि तरी आमच्या बॅचमध्ये त्यांच्याएवढं पोहणारं कुणी नव्हतं. “तुम्ही नुसतं धरा. बाकीचं माझ्यावर सोडा.”

“बाकीचं म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. मेल्यागत पडते.”

“पाय मारायचे नाहीत भाभी. हे आत्ताच सांगते.”

“अल्ला, मी कशाला पाय मारू?” असं म्हणून त्यांनी पाण्यात डुबकी मारली.

या सगळ्या बोलण्यात सुगंधाक्का मगदूम नव्हत्या. त्या उथळ बाजूला, त्यांच्या नेहमीच्या जागी, भिंतीतल्या लोखंडी दांड्याला धरून उभ्या होत्या. शिंप्याकडून शिवून घेतलेला बाह्यांचा, पायघोळ पोशाख घालून त्या छातीएवढ्या पाण्यात उतरायच्या, दांडा धरायच्या आणि तास संपला की दांडा सोडून वर यायच्या. पोहायच्या नाहीत. शिकायचा प्रयत्नही नाही. मी टँकवर लागले त्याच वर्षी त्या येऊ लागल्या, आणि साठी उलटली तरी त्यांची जागा बदलली नव्हती.

“अक्का, दांडा गंजंल की,” जाता जाता कुणीतरी म्हणायचं.

“असू दे. तुम्ही पोहा. मी हाय हितं.”

“अक्का, दांडा घरीच न्या. तेवढी फी तरी वाचंल.”

अक्का नुसत्या हसायच्या. त्यांचं तोंड कायम माझ्या खुर्चीकडं असायचं. माझ्या डोक्यावर भिंतीला घड्याळ होतं. मला वाटायचं, बिचाऱ्या वेळ बघतात. सुनेनं घराबाहेर काढलं असेल, तास कधी संपतोय याची वाट बघत असतील.

रविवारी सकाळी आठल्ये सर आले. अंगानं बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, आवाज इतका हळू की ऐकायला जवळ जावं लागे. बरोबर त्यांची एक सहायक मुलगी होती. परीक्षेला साखर कारखान्याच्या टँकवरचे दोघं होते, एका शाळेच्या टँकवरचा एक होता आणि मी. टँक बंद असूनही आमची निम्मी बॅच पायऱ्यांवर येऊन बसली होती. शकीलाभाभींनी खारीचा डबा आणला होता. सर्वांत वरच्या पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन, अक्काही होत्या.

सरांनी प्रत्येकाला दोन-चार प्रश्न विचारले. कारखान्याच्या टँकवरच्या जाधवांना विचारलं, “आजवर किती जणांना बाहेर काढलंत?”

जाधव सांगू लागले. विसर्जनाला नदीतून काढलेले, पुरात काढलेले, टँकवर नाकातोंडात पाणी गेलेले. बराच वेळ सांगत होते. सर मान हलवत होते.

मग मला विचारलं, “शेडगे मॅडम, तुमचं हे कितवं वर्ष?”

“पंधरावं.”

“किती जणींना काढलंत?”

“एकीलाही नाही.”

जाधव हसले. वाईट बुद्धीनं नव्हे, आपसूक आलं त्यांना. मला ते हसू नवं नव्हतं. माझा दीर दिवाळीला जेवायला बसला की ठरलेलं वाक्य टाकायचा, “वहिनी, खुर्चीवर बसायचा पगार देतात ती जागा आम्हालाही बघा की.” तो म्हणायचा, सगळे हसायचे, मी वाढत राहायचे. रात्री अंथरुणावर पडल्यावर कधीतरी वाटायचं, तो खोटं तरी काय बोलतो?

सर फक्त “हं” म्हणाले आणि पुढं गेले.

पोहण्याची परीक्षा मी निभावली. एका हातानं पाणी ओढलं तरी पाय शाबूत होते. मग ओढून आणायची पाळी आली. शकीलाभाभी खोल बाजूला जाऊन पाण्यात पडल्या, डोळे मिटून, जीभ जरा बाहेर काढून. पायऱ्यांवर खसखस पिकली.

मी उडी मारली, त्यांच्यापर्यंत गेले, उजवा हात हनुवटीखाली घातला आणि पाठीवर होऊन पाय मारायला सुरुवात केली. सुरुवातीला वाटलं, आपण उगाच भ्यालो. भाभी फुलासारख्या येत होत्या. मग ध्यानात आलं की त्या फारच फुलासारख्या येताहेत. बेकरीतली बाई, अंगानं चांगली भरलेली, आणि माझ्या हाताला वजनच नाही.

“भाभी,” मी दबल्या आवाजात म्हणाले, “पाय थांबवा.”

“मी मेले. मला ऐकू येत नाही,” त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

शिट्टी वाजली. सर काठानं आमच्याबरोबर चालत होते.

“थांबा. मॅडम, तुमची बुडालेली बाई पोहते आहे.”

पायऱ्यांवरचं हसू एकदम थांबलं. भाभी पाण्यात सरळ झाल्या.

“सर, पाय आपोआप हलत्यात.”

“बुडालेल्याचे पाय हलत नाहीत.”

“मला कसं कळणार? मी कधी बुडालेच नाही. ही बाई बुडू देते होय?”

“हा प्रयत्न मी धरणार नाही,” सर मला म्हणाले. आवाज तसाच हळू होता. “सगळ्यांचं झालं की शेवटी एकदा संधी देतो. पण जिला तुम्हाला मदत करता येणार नाही अशी कुणीतरी आणा. मिळाली नाही तर पुढच्या परीक्षेला या.”

पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, दुसऱ्या जिल्ह्यात. तोवर अकराचा तास क्लबकडं गेलेला असता.

मी वर आले आणि पायऱ्यांवर बसले. बायका भोवती जमल्या. भाभी एका बाजूला टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. डोळे पाण्यानंच लाल झाले होते की आणखी कशानं, कळत नव्हतं.

“माझं चुकलं मॅडम. तुमचा खांदा बघवेना.”

“राहू दे, भाभी.”

“मी पडते,” एक म्हणाली. “मी नाही पाय मारणार.”

“तू तर मासोळीच. पाण्यात पडलीस की शेपटी हलणार.”

“मग हिला घ्या.”

“मला कालच मेंदीचा रंग लावलाय केसांना. टँक लाल होईल.”

एकेकीचं नाव निघालं आणि मागं पडलं. मीच त्यांना पोहायला शिकवलं होतं. पाण्यात हात सोडून पडलेली बाई बुडू लागली की पाय मारणारच. इतकी वर्षं मी त्यांच्याकडून तेवढंच घोटून घेतलं होतं.

“मी येतो.”

आवाज वरच्या पायरीवरून आला. सुगंधाक्का उठून उभ्या राहिल्या होत्या.

“अक्का, खोल बाजूला जायचंय,” भाभी म्हणाल्या.

“ठावं हाय.”

“तिथं दांडा नाही.”

“त्येबी ठावं हाय.”

आठल्ये सर जवळ आले. त्यांनी अक्कांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “आजी, पोहता येतं का?”

“न्हाई. म्हणून तर.”

“मग खोल पाण्यात नेणं बरोबर नाही.”

“तुम्हाला मदत न करणारी बाई पायजे न्हवं? या समद्या पोरी पोहत्यात. मदत करता येत न्हाई अशी मी एकटीच हाय.”

सरांनी सहायक मुलीकडं बघितलं. ती म्हणाली, मी नळी घेऊन बरोबर पोहीन, हाताच्या अंतरावर. नळी म्हणजे आमची लाल तरंगती फोमची नळी. ती काखेत असली की कुणी बुडत नाही.

“मॅडम, निर्णय तुमचा,” सर मला म्हणाले.

मी अक्कांना बाजूला नेलं. जीवरक्षकाला पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट एकच. बुडणारा माणूस मिठी मारतो. आई लेकराला खाली ढकलून वर येते. त्यात तिचा दोष नसतो, शरीरच तसं आहे.

“अक्का, तुम्ही मला धरलंत तर दोघी खाली जाऊ. त्यात माझा एक हात चालत नाही.”

“न्हाई धरणार.”

“सगळे असंच म्हणतात. भीती वाटली की हात ऐकत नाहीत.”

अक्कांनी थोडा विचार केला. मग त्यांनी आपलं डावं मनगट उजव्या हाताच्या मुठीत पकडलं आणि माझ्यापुढं धरलं.

“हातालाच हात धरायला देतो. मग तर झालं?”

मला हसू आलं. त्या हसत नव्हत्या. त्यांनी पिशवी उघडली, आत तो शिवलेला पोशाख घडी करून ठेवलेला होता. टँक बंद असणार हे माहीत असूनही त्या तो घेऊन आल्या होत्या.

मी सरांना हो म्हणाले.

सहायक मुलीनं अक्कांना शिडीवरून उतरवलं. नळी त्यांच्या काखेत घातली आणि त्यांना हळूहळू काठापासून दूर नेलं. अक्कांचा चेहरा राखेसारखा झाला होता. सरांनी शिट्टी वाजवली. मी उडी मारली आणि त्यांच्यापर्यंत गेले.

“अक्का, मी आलेय. नळी सोडा.”

त्यांनी सोडली नाही. दोन्ही काखा घट्ट आवळलेल्या. सहायक मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच तिला थांबायला सांगितलं. घाई केली की माणूस आणखी घट्ट धरतो.

“मी मागं आहे. माझा हात बघा, हा इथं आहे, तुमच्या हनुवटीखाली. मान मागं टाका आणि वर बघा.”

अक्का वर बघू लागल्या. आभाळात तेव्हा काही नव्हतं, एक घार सोडली तर. मग त्यांच्या काखा सुटल्या. नळी आपोआप बाजूला तरंगत गेली. त्यांनी उजव्या मुठीत डावं मनगट पकडलं, पोटावर ठेवलं आणि सगळं अंग माझ्या हातावर टाकून दिलं.

पाण्यात माणसाचं वजन लागत नाही म्हणतात. ते पोहणाऱ्या माणसाबद्दल खरं आहे. अक्का भिजल्या पोत्यासारख्या होत्या. त्यात तो पायघोळ पोशाख पाणी पिऊन खाली ओढत होता. दोन-चार हात गेल्यावरच मला कळलं की आज सगळं पायांवर आहे. डावा हात नुसता शरीराबरोबर येत होता. मी पाय मारत राहिले. अक्कांच्या गळ्याची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. त्यांचे ओठ हलत होते. णमोकार मंत्राचा जप चालला होता.

काठावरून सरांच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता.

निम्म्यावर आल्यावर माझी लय चुकली. पाणी अक्कांच्या तोंडावरून गेलं. त्या ठसकल्या, सगळं अंग ताठ झालं. आता मिठी बसणार, अशी मी तयारी केली. खाली जायचं, हात सोडवायचा, मागून पुन्हा धरायचं. पण काहीच झालं नाही. मी त्यांच्या पोटाकडं बघितलं. मूठ मनगटावर तशीच होती. फक्त बोटं पांढरी पडली होती.

“आलं अक्का. आलंच.”

उथळ बाजूला पाय टेकले. अक्कांचेही टेकले असणार, त्यांची रोजची जागा होती ती. पण त्यांनी उभं राहायचं नाव काढलं नाही. सहायक मुलीनं काखेत धरलं, मी पाय धरले, आणि आम्ही त्यांना काठावर घेतलं. तिथंही त्या डोळे उघडे ठेवून तशाच पडून राहिल्या, हात पोटावर.

“पुतळा,” सर म्हणाले.

अक्कांच्या शेजारी पुतळा ठेवला होता. मी गुडघे टेकले. हाक मारली, खांदे हलवले, श्वास बघितला, कुणीतरी रुग्णवाहिका बोलवा असं मोठ्यानं म्हणाले. मग तळहातावर तळहात ठेवून दाब द्यायला सुरुवात केली. तीस दाब, दोन श्वास. पुन्हा तीस दाब. दर दाबाला डाव्या खांद्यातून कळ निघून कानापर्यंत जात होती.

“कोपर वाकतंय,” सर म्हणाले.

मी कोपर सरळ केलं. पायऱ्यांवरून भाभींनी मोजायला सुरुवात केली. मग सगळ्याच मोजू लागल्या. सरांनी त्यांना थांबवलं नाही. मला ते बरंच झालं, कारण मला स्वतःला आकडे आठवेनात. माझ्या घामाचे थेंब पुतळ्याच्या छातीवर पडत होते. डोळ्यांच्या कडेला मला दिसलं की अक्का उठून बसल्या आहेत. ओल्या पोशाखात, पाय पोटाशी घेऊन, पुतळ्याच्या अगदी जवळ. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. पुतळ्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

“बास,” सर म्हणाले.

मी मागं बसले. हात मांडीवर ठेवले ते उचलवेनात. सर पुतळ्याच्या बाजूचा दिवा बघत होते. दाब नीट पडले असतील तर तो हिरवा होतो.

तेवढ्यात अक्कांनी विचारलं, “जगली?”

बायका हसल्या. मोजून मोजून दमल्या होत्या, त्यांना हसायला कारण हवंच होतं. सर हसले नाहीत. त्यांनी अक्कांकडं बघितलं आणि खाली वाकून, त्यांच्या हळू आवाजात, नीट उत्तर दिलं.

“जगली, आजी.”

अक्कांनी मान हलवली आणि ओल्या बाहीनं तोंड पुसलं.

मी पास झाले. सर जायला निघाले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की खांद्याकडं दुर्लक्ष करू नका.

ते गेल्यावर आम्ही कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. चहा आला, भाभींचा खारीचा डबा उघडला. अक्का मध्ये बसल्या होत्या, अंगावर तिघींचे टॉवेल. कप घ्यायला त्यांनी हात पुढं केला तेव्हा डाव्या मनगटावर चार नखांचे वण दिसले. एकातून रक्त आलं होतं.

“अक्का, हे काय,” मी म्हणाले. “एवढं घाबरला होतात, तर सांगायचं. मी थांबले असते.”

“म्हणून तर सांगितलं न्हाई.”

“पण मला धरलं नाहीत. मी पंधरा वर्षांत असं माणूस बघितलं नाही.”

अक्कांनी खारी चहात बुडवली. ती मऊ पडेपर्यंत बघत राहिल्या.

“माझ्या पाठची एक होती,” त्या म्हणाल्या. “पद्मा. दसऱ्याआधी घरातल्या समद्या वाकळा नदीला न्यायच्या धुवायला. घाटभर बाया. बडवायचा आवाज असा, की शेजारणीची हाक ऐकू येत न्हाई. तिची वाकळ भिजली, जड झाली आन धारेला लागली. ती तिच्या मागनं गेली.”

भाभींनी हातातली खारी डब्यात परत ठेवली.

“सोडली न्हाई तिनं वाकळ. आई मारंल म्हणून. सोडली असती तर आली असती काठाला.”

“मग तुम्ही?” भाभींनी विचारलं.

“मी तितंच. तिच्या बाजूला. मान खाली घालून वाकळ धूत होतो. घाटावर एवढ्या बाया, भाभी, आन समद्यांच्या माना खाली. पाण्याकडं बघणारं कुणीच न्हाई. वर बघितलं तवा नुसतं पाणीच.”

त्यांनी चहाचा घोट घेतला.

“मग काढली पुढल्या वळणाला. पालथी घातली, पोट दाबलं, पाय धरून फिरवलं. ज्याला जे ठावं, त्यानं ते केलं. कुणाला काय कळत होतं?” त्यांनी काठावरच्या पुतळ्याच्या जागेकडं बघितलं. तो सरांच्या गाडीत गेला होता. “आज बघितलं, कसं करायचं असतंय ते.”

भाभींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्हा सगळ्यांच्या मनात असलेलं त्यांनीच विचारलं. “मग अक्का, पाण्याची एवढी भीती असताना रोज टँकवर कशाला येता? दांडा धरून नुसतं पाण्यात उभं राहायला?”

“पाण्यासाठी न्हाई येत मी.”

“मग?”

अक्कांनी हनुवटीनं माझ्याकडं खूण केली.

“ही बघत बसती. ते बघायला येतो. तुम्ही समद्या हिच्यासंगं बोलता, हसता, मस्करी करता. ही बोलती, पर मान खाली घालत न्हाई. एक डाव न्हाई. मी पंधरा वर्सं बघतोय.” त्या माझ्याकडं वळल्या. “हितनं घरी गेलो की झोप लागती मला, बाई.”

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला. जे तोंडात आलं ते बोलले.

“मला वाटायचं, तुम्ही घड्याळ बघता. माझ्या डोक्यावरचं.”

अक्कांनी वळून टँकपलीकडच्या भिंतीकडं बघितलं. खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर, रोज होतं तिथंच, पांढरं गोल घड्याळ होतं.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “तितं घड्याळ हाय होय?”

सोमवारी अकराला बॅच भरली. मी खुर्चीवर चढले. अक्का उथळ बाजूनं उतरल्या, दांड्याला धरलं आणि माझ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. जाता जाता कुणी दांडा गंजण्याबद्दल काही बोललं नाही. त्यांनाच चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण त्याच म्हणाल्या, “का गं, आज दांडा बरा हाय व्हय?”

दीर त्या दिवाळीलाही जेवायला आला. त्यानं खुर्चीचं वाक्य टाकलं. सगळे हसले. मी त्याला आणखी एक करंजी वाढली.

त्यानंतर मी आणखी दोनदा प्रमाणपत्र नवं करून घेतलं. खांदा सुटला होता, भाचीही मोकळी होती, पण दोन्ही वेळा बुडायला अक्काच आल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी मनगट धरलं नाही, हात पाण्यावर पसरून दिले, आणि भाभी काठावरून म्हणाल्या, अक्का आता मस्त बुडतात. बायकांची बॅच आजही अकरालाच भरते. अक्का गेल्या त्या घरी, झोपेत, भरल्या वयात.

पोहायला मात्र त्या कधी शिकल्या नाहीत. मी कितीदा म्हटलं, अक्का, खोल पाण्याची भीती गेली, आता चार दिवसांत शिकवते. दांडा धरून त्या माझ्याकडं बघत राहायच्या.

“मी शिकलो,” त्या म्हणायच्या, “तर बुडायला कोण येणार?”